चार बोल्टांचा फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं असा तिचा समज आहे, आणि तो मी मोडलेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या आमच्या नईम मोहल्ल्यातल्या गल्लीत समोरासमोर आलो तरी तुम्हाला कळायचं नाही की तो मीच.

रायफलींपासून सुरुवात करतो. तिथून जरा सोपं जातं.

मी बहारीनमध्ये एसी टेक्निशियन आहे. ड्यूटी अमवाजच्या टॉवरांमध्ये, घर नईममध्ये. सहा वर्षांपूर्वी बुसैतीनमध्ये एका म्हाताऱ्या बहारीनी गृहस्थांच्या घरी एसी दुरुस्त करायला गेलो. सगळे त्यांना बू राशिद म्हणतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात जुन्या लष्करी रायफली उभ्या होत्या. सगळ्या परवान्याच्या, प्रत्येकीचा कागद फाइलमध्ये. दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या. बू राशिदनी एक माझ्या हातात दिली. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड कुणाकुणाच्या गालांनी आणि तळव्यांनी गुळगुळीत झालेलं होतं. मी शिडी तशीच सोडून अर्धा तास ती रायफल बघत बसलो.

तिथून नाद लागला. माझ्यासारख्याने असली रायफल विकत घेणं शक्य नव्हतं, पण जपायला, पुसायला, दस्त्याला जवसाचं तेल चोळायला माणूस लागतोच. आणि महिन्यातून एका शुक्रवारी सकाळी बू राशिद आम्हाला दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या रेंजवर न्यायचे. बायको म्हणाली, तोंडाने पंचशील म्हणता आणि हातात बंदूक? मी म्हटलं, अगं, आम्ही कागदाला भोकं पाडतो. ती हसली नाही.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि गायकवाड काका. काका फलटणचे. फौजेत त्यांनी सगळी नोकरी बंदुका दुरुस्त करण्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर इथे एका बिल्डिंगच्या मेंटेनन्सला लागले. आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. आपल्या लोकांच्या कार्यक्रमात पंचशील तेच सांगायचे — ते एक ओळ म्हणणार, मग सगळं सभागृह त्यांच्यामागून. मी त्यांची बू राशिदशी गाठ घालून दिली, आणि पहिल्याच दिवशी त्या दोघांचं असं जमलं की मी तिथे बसलोय हेही ते विसरले. काकांची हिंदी फौजी, बू राशिदची बाजारातली. त्यांचं अडायचं नाही.

रायफलीबद्दल मला जे येतं ते काकांनी शिकवलेलं. त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला कळायलाच हव्यात, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही.

गोळी झाडताना नळीचं मागचं तोंड जो पोलादी दांडा बंद करतो, तो बोल्ट. या जुन्या रायफलींत प्रत्येकीचा बोल्ट तिच्यापुरता बसवलेला असतो. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. दुसरीचा बोल्टही आत जातो, बंदही होतो — पण केसभर फट राहिली तरी काडतूस मागच्या बाजूने फुटू शकतं. म्हणून काकांचा पहिला नियम: टेबलावर एका वेळी एकच रायफल. आणि दुसरा: जो रायफल जोडेल त्याने नंबर वाचायचा, जो चालवेल त्याने विचारायचं. “जोडनाऱ्याची चूक व्हतीच रं मिलिंदा,” ते म्हणायचे, “म्हनून तर इचारायचं असतं.” त्यांनी विचारलं नाही असं कधी झालं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी एकटाच बुसैतीनला गेलो. काकांची शिफ्ट होती. दुसऱ्या दिवशी चार रायफली न्यायच्या होत्या, चारही एकाच जातीच्या. मी त्या एकापाठोपाठ एक खोलल्या आणि पांढऱ्या टॉवेलवर आपापल्या रायफलीसमोर चार बोल्ट ओळीने मांडले. का? — फोटोसाठी. जुन्या बंदुकांच्या शौकिनांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कुणी आयर्लंडचा, कुणी कॅनडाचा. त्यांनी मला वाहवा म्हणावं म्हणून. फोटो झकास आला. मग चारही बोल्ट एकाच ट्रेमध्ये घालून धुतले, तेल लावलं, जोडले. नंबर बारीक असतात. माझा जवळचा चष्मा अमवाजला कंपनीच्या व्हॅनमध्ये राहिला होता. अंदाजाने जोडले. अंदाज कशाचा, सांगाल? मलाही सांगता येणार नाही. ग्रुपवर अंगठे येत होते, ते बघत होतो.

सकाळी रेंजवर पहिली गोळी काकांची. बू राशिदनी ठेवलेला मान होता तो. काकांनी रायफल हातात घेतली आणि विचारलं, “नंबर वाचलास का रं?”

मी म्हणालो, “व्हय काका.” मी अकोल्याचा. आमच्याकडे व्हय म्हणत नाहीत. त्यांना आवडतं म्हणून त्यांच्यासारखं बोललो.

आवाज नेहमीसारखा झालाच नाही. फुस्स करून काहीतरी मागे आलं, आणि काका गुडघ्यावर बसले. मग आडवे झाले. त्यांच्या चष्म्याची उजवी काच वाळूत पडली होती. बू राशिद “यल्ला, यल्ला” करत गाडीकडे धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

काकांचा डावा डोळा वाचला. उजव्याने आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

तुम्ही म्हणाल, कळलं, ही चूक. नाही. एवढंच असतं तर मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. चुका माझ्या हातून रोज होतात.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्यापाशी एकटा होतो. पोलीस येऊन गेले होते. रायफलीचा नंबर एक आणि बोल्टचा दुसरा, हे सगळ्यांना कळलं होतं. काकांना मात्र त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. गाडीत चहा प्यायलो, आणि पुढे एकदम हॉस्पिटलचं छत. डोळ्यांवर पट्टी होती; त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, “येक सांग मिलिंदा. म्या तुला नंबर इचारला व्हता का?”

मी म्हणालो, “नाही काका. गडबडीत राहिलं.”

काका म्हणाले, “मंग माझंच चुकलं.” आणि वर माझ्याच हातावर थोपटलं.

व्हिसाचं कारण देता येईल. मुलीच्या दहावीचं देता येईल. पण खरं सांगू? त्या क्षणी मला व्हिसाही आठवला नाही आणि मुलगीही नाही. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, बस. आणि ती नजर कुणी अर्धी केली होती?

पोलिसांना त्यांनी तेच सांगितलं. गलती हमारी, पूछना हमारा काम था. मीही तसाच जबाब दिला; रेंजवरचं आमचं मराठी बू राशिदना कळलेलं नव्हतं. बू राशिदनी सगळ्या रायफली सरकारजमा केल्या आणि रिकामं कपाट तसंच ठेवलं. मला ते म्हणाले, “गायकवाड बूढ़ा हो गया. खलास.” मी मान डोलावली. हो, डोलावली. कंपनीने काकांचा व्हिसा वाढवला नाही, मेडिकलला डोळा आडवा आला. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो होतो.

ग्रुपवरचा तो फोटो मी अपघाताच्याच दुपारी पुसून टाकला. फोनमध्ये आहे अजून. मोठा करून बघितला की प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीसमोर दिसतो, नंबर अगदी वाचता येतात. म्हणजे फोटो काढेपर्यंत सगळं बरोबर होतं.

काका आता फलटणला असतात. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतात. काकी सांगतात, ह्यांचं कुलूप लावून तीनदा माघारी येणं होतं. गॅस बंद केला का, नळ बंद केला का. मोटारसायकल विकून टाकली. डॉक्टर म्हणतात डोक्यात काही दोष नाही. काका हसून म्हणतात, “डाक्टरला काय कळतंय? उभ्या जन्मात येकदाच इचारायचं इसरलो, तवाच वळाखलं म्या, गेलं आपलं डोकं.” परवा काकी म्हणाल्या, विहारात पंचशील सांगायलाही ते आता उभे राहत नाहीत. मधेच एखादी ओळ विसरेन, म्हणतात. चाळीस वर्षं सांगत आले आहेत.

आणि इथे? इथे त्यांच्या जागी लोकांनी मला उभं केलंय. काकांच्या हाताखालचा माणूस म्हणून. मी नको म्हटलं, पण दोनदाच. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील. ते मी आधी म्हणतो आणि सगळं सभागृह माझ्यामागून म्हणतं. पहिल्या रांगेत माझी बायको असते.

गेल्या शुक्रवारी कॉलवर काकांनी पुन्हा तेच काढलं. “मी कसा रं इसरलो?”

मी म्हणालो, “वय झालं काका.”

काका विसरले नव्हते. त्यांनी विचारलं होतं. एकदा रायफल हातात घेताना, ते मघाशी सांगितलं. आणि एकदा काडतूस घातल्यावर, माझ्याकडे वळून बघत. दोन्ही वेळा मी हो म्हणालो होतो.