कोरड्या तळ्यातलं तेरा टक्के पाणी

ऐंशीच्या दशकात अमेरिकेला जाणारा मराठी मुलगा एक तर इंजिनियर असायचा, नाही तर डॉक्टर. मी माती शिकायला गेलो. तीही धड माती नव्हे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पाऊस झालाच तर चार दिवस तळं साचतं, आणि एरवी वर्षभर तिथे मैलोगणती पांढरं सपाट पटांगण पडून असतं. त्याला तिकडे प्लाया म्हणतात. वर मिठाचा पापुद्रा, पाय पडला की कुरकुर मोडणारा. खाली पिठासारखं भुसभुशीत जिप्सम. गवताची काडी उगवत नाही. आमच्या कृष्णाकाठी जमीन क्षारपड करायला लोकांना वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजावं लागतं. इथे देवानं ते काम आधीच उरकून ठेवलं होतं.

आमच्या विद्यापीठापासून तीन तासांवर एक मराठी कुटुंब होतं. महिन्यातून एकदा तिथे वरणभात मिळायचा आणि त्याबरोबर उलटतपासणी.

"अरे, पण तू एक्झॅक्टली करतोस काय तिथे?" काकू विचारायच्या.

"मातीतलं पाणी मोजतो."

"त्या डेझर्टमध्ये?"

"अरे यार," काका म्हणायचे, "पाणी नाही हे बघायला पीएचडी कशाला लागते? मी गाडीच्या खिडकीतून बघून सांगतो."

मला याचा फार राग यायचा. मी सुवर्णपदक घेऊन आलेला माणूस. गावानं हार घालून, पेढे वाटून पाठवलेला. काकांना त्याची कल्पना नव्हती, आणि मी ती वारंवार देऊनही त्यांच्या लक्षात राहत नव्हती.

मातीतलं पाणी मोजणं तसं शाळकरी काम आहे. माती डबीत घ्यायची, वजन करायचं, रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायची आणि सकाळी पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं, तेवढं पाणी. ओव्हन एकशे पाच अंशांवर. आमच्या कृषी महाविद्यालयात हे एकशे पाच म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकशे चार नाही, एकशे सहा नाही. आमचे विभागप्रमुख तोंडी परीक्षेत एवढंच विचारायचे आणि उत्तर आलं की खूश होऊन चहा मागवायचे. मला पदक मिळालं ते अशा उत्तरांवर.

अमेरिकेतले माझे प्राध्यापक मक्याच्या मुलखातून आलेले होते. कॉम्प्युटरचा माणूस. पाणी मातीतून कसं सरकतं याची त्यांच्याकडे पानपानभर समीकरणं होती, पण ओव्हनला त्यांनी बऱ्याच वर्षांत हात लावला नसावा. प्लायावर उतरले की पाच मिनिटांत गाडी शोधायचे. माझी असिस्टंटशिप त्यांच्या हातात होती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षाअखेर काही दाखवण्यासारखं निघालं तर पुढची दोन वर्षं देईन, नाही तर नाही. नाही म्हणजे व्हिसा संपला, सामान बांधायचं आणि त्याच हार घातलेल्या गावात रिकाम्या हातानं उतरायचं.

प्रयोगशाळेत एक बाई होत्या. साठीला टेकलेल्या, जीन्स घालणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या. प्लायाच्या काठावरच त्यांच्या वडिलांची गुरं चरायची. कॉलेज त्यांनी पाहिलेलं नव्हतं. डब्या धुणं, तराजू दुरुस्त करणं, फरशी पुसणं अशी सगळी कामं त्या करत. मी त्यांना बघताक्षणी मनातल्या मनात एका खुर्चीवर बसवून टाकलं, किंवा खरं तर स्टुलावर: शिपाई. आमच्याकडे शिपायाशी बोलताना मान वर करायची नसते. त्यात या बाई प्राध्यापकांना त्यांच्या पहिल्या नावानं हाक मारत. मला स्वतःला पुढच्या दोन वर्षांतही 'सर'पलीकडे जाता आलं नाही. तेव्हा या बाईंना रीतभात नाही, हे माझ्यापुरतं सिद्धच झालं.

दुसऱ्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "या मातीला साठ अंशांच्या वर नेऊ नकोस. जिप्सम आहे."

मी त्यांना सावकाश, सोप्या इंग्रजीत दहा मिनिटं प्रमाणित पद्धत म्हणजे काय ते समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डब्या धुवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओव्हनचं बटण साठवर. मी ते एकशे पाचवर आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा साठ. आठवडाभर हे चाललं. मग मी लाल शाईनं एक कागद लिहिला, 'कृपया हात लावू नये', खाली सही केली, सहीखाली माझी पदवीही लिहिली, आणि तो ओव्हनवर चिकटवला. त्यानंतर बाईंनी हात लावला नाही. शिस्त लावावी लागते, असं मी काकांकडे जेवताना सांगितलंही.

आकडे आले तेरा टक्के. भर जूनमध्ये, तिकडच्या ऐन कोरड्या उन्हाळ्यात, तेरा टक्के. खड्डा खणताना नाकात धूळ जायची, ओठ फुटून रक्त यायचं, आणि डबीत मात्र तेरा टक्के पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात तेवढंच, पाऊस पडून गेल्यावर थोडं जास्त. कुठल्याही शेतकऱ्यानं कपाळाला हात लावला असता. मी आलेख काढले. प्राध्यापक तर हरखून गेले. खोलातून रात्री वाफ वर येते आणि वाळवंट आपलं पाणी लपवून ठेवतं, असा सिद्धांत त्यांनी आठवड्यात मांडला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारं कुणी तरी हवंच होतं. मी चढलो.

दुसऱ्या वर्षाच्या शरदात बाईंनी प्लायाच्या काठावरून जिप्समचा एक स्फटिक आणला. तळहाताएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा. माझ्यादेखत त्याचं वजन केलं, डबीत घातला आणि माझ्याच ओव्हनमध्ये ठेवला. सकाळी डबी माझ्या टेबलावर होती. काच गेली होती. बोट लावलं की भुगा होणारा पांढरा खडू उरला होता. खाली चिठ्ठीवर पेन्सिलीनं आधीचं वजन, नंतरचं वजन. जवळजवळ पाचवा हिस्सा गायब.

"दगड कोरडाच होता," त्या म्हणाल्या. "हे पाणी दगडाच्या अंगात बांधलेलं असतं. झाडाच्या मुळाला ते मिळत नाही. तुझा ओव्हन ते उपसून काढतोय."

"मी बघतो," मी म्हणालो. दोन उन्हाळे मी वाळवंटातलं पाणी नव्हे, दगड उकळून निघालेली वाफ मोजत होतो.

सोमवारी मी प्राध्यापकांकडे गेलो. कबुलीजबाब पाठ करून गेलो होतो. "सर, आकडे चुकलेत. ओव्हनचं तापमान बरोबर नव्हतं."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "त्या ओव्हनला तुझ्याशिवाय कोण हात लावतं?"

"सुरुवातीला त्या बाई बटण फिरवायच्या," मी म्हणालो.

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढचं वाक्य, की त्या ते बरोबर आकड्यावर नेत होत्या, मात्र मी बोललो नाही. ते हळूहळू मान हलवू लागले, आणि ते काय समजले आहेत हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी बाईंना काढलं नाही. तळघरातल्या बियाण्यांच्या गोदामात पाठवलं, पाकिटांवर लेबलं चिकटवायला. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, त्या भांडल्या नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्याला काय सांगितलंस?"

"ओव्हनचं सांगितलं."

त्यांनी फळीवरचा आपला कॉफीचा मग घेतला आणि गेल्या. त्या दिवशी मी ओव्हनवरचा कागद काढला आणि बटण साठवर नेलं. काढताना कुणी बघत नाही ना, हेही पाहिलं.

दोष माझ्यावर आला नव्हता, म्हणून प्राध्यापकांनी मुदत एका उन्हाळ्यानं वाढवली, आणि त्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी सगळे खड्डे नव्यानं खणले. आकडे आले एक, दीड टक्का. वाळवंट पुन्हा कोरडं झालं. काका खिडकीतून सांगत होते तेच. प्राध्यापकांनी वाफेचा सिद्धांत गुंडाळून त्याच उत्साहानं दुसरा काढला: जिप्समच्या मातीत नेहमीची पद्धत कशी फसवते. हे दाखवण्यासारखं होतं. मला पुढची दोन वर्षं मिळाली. माझी चूक हाच माझा प्रबंध झाला, आणि ती चूक कोणाची हे विचारायचं कुणालाही कारण उरलं नाही.

प्रबंधाच्या शेवटच्या परीक्षेला कुणीही येऊन बसू शकायचं. बाई आल्या. शेवटच्या रांगेत बसल्या, ॲप्रनच्या खिशात लेबलांची गुंडाळी होती. माझं बोलणं झालं. परीक्षक खुशीत होते, पदवी मिळाल्यातच जमा होती. तेव्हा एका म्हाताऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांनी कौतुकानं विचारलं, "एकशे पाच चूक आहे, ही मूळ शंका तुम्हाला आली कुठून?"

प्राध्यापक माझ्याकडे अभिमानानं बघत होते. खरं बोललो असतो तर आता माझं काहीही जाणार नव्हतं. व्हिसा, पदवी, गाव, सगळं शाबूत होतं. भीती हे कारणसुद्धा माझ्याकडे शिल्लक नव्हतं.

"वाचनातून आली," मी म्हणालो.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, त्या बटणाच्या वाक्याहून जास्त. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, बाकीचे थांबेपर्यंत. मग घड्याळ बघून उठल्या. त्यांची जेवणाची सुट्टी संपली होती, आणि त्या खाली गोदामात गेल्या.