श्वास धरून ठेवलेले बाबा

शिशाच्या एप्रनचा रबरी वास आला की मला ते धुळ्याकडचे बाबा आठवतात. पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये काम करणाऱ्या मुलाने त्यांना सुरतला आणलं होतं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती आणि जांघेतून नळी घालून आत स्टेंट बसवायचा होता. एक्स-रे मशीन चालवायचं काम माझ्याकडे होतं. भूल जांघेपुरतीच, म्हणून बाबा जागे होते. डाय, म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडून मूत्रपिंडांच्या वाहिन्या नेमक्या कुठे आहेत ते पाहायचं आणि स्टेंट त्यांच्या खालीच उघडायचा. जरा वर सरकला तर मूत्रपिंडं बंद पडणार. पण मी गुजरातीत "काका, श्वास रोको" म्हटलं की बाबा घाबरून उलट जोरात श्वास घेत आणि चित्र पुसट येई. दोनदा तसंच झालं. "किडनी आधीच कमजोर आहे, आता एकदाच डाय देता येईल," डॉक्टर म्हणाले. मी वाकून घरच्या अहिराणीत म्हटलं, "बाबा, श्वास धरी ठेवा. मी सांगस तवलोंग सोडू नका." "तू आपलाकडली शे का व माय?" म्हणत त्यांनी ओठ मिटले. डाय गेला, दोन्ही वाहिन्या स्वच्छ उमटल्या, डॉक्टरांनी पडद्यावर खूण केली आणि आम्ही सगळे तिकडेच पाहत राहिलो. मग माझी नजर खाली गेली. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते अजून माझ्या शब्दाची वाट पाहत होते. "सोडा बाबा, सोडा!" मी ओरडलेच. स्टेंट जागेवर बसला, चौथ्या दिवशी बाबा चालत घरी गेले. आता चित्र कसंही येवो, मी आधी माणसाकडे वळून "सोडा" म्हणते, मग पडद्याकडे बघते.