ताकद दोन, वाणी सहा

दामू शिंप्याच्या ओट्यावर बसणाऱ्या आम्हा मंडळींचे किस्से खडीच्या ढिगासारखे आहेत. एक उपसला की चार घरंगळत अंगावर येतात. आणि प्रत्येकात हसं माझंच होतं. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगतो. चौथीतनं शाळा सुटलेला माणूस आहे मी, शुद्धलेखन काढत बसू नका.

*

दुष्काळाचं साल. आमचं गाव नेवाशाच्या अलीकडं. प्रवरेत नुसती वाळू. दिवसभर सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायचं, माझी पोरगी सुमनसुद्धा. संध्याकाळी आम्ही दामूच्या ओट्यावर टेकायचो. तिथं हवालदारानं खेळ काढला. हा आमच्याच गावचा, नगरच्या कॅम्पातनं पेन्शनीत आलेला. मिलिटरीत म्हणे वाळूवर लुटुपुटूची लढाई मांडतात. त्यानं ओट्यावर वाळूचा गड केला आणि आम्हाला मावळे केलं.

सहा कवड्या. प्रत्येकानं चारदा टाकायच्या. एकदा ताकदीला, एकदा चपळाईला, एकदा अकलेला, एकदा वाणीला. जितक्या उताण्या, तितका तो गुण तुमच्या अंगात. पुढं दार ढकलायचं असो की पहारेकऱ्याला फसवायचं, पुन्हा कवड्या टाकायच्या आणि त्यात तो गुण मिळवायचा. हवालदारानं सांगितलेल्या आकड्याच्या वर गेलं तर काम फत्ते.

माझी ताकद पडली दोन.

यात्रेतला गोटा गावात मी एकटा खांद्यावर घेतो. दिवसभर घण मारून आलेला माणूस मी, आणि ताकद दोन! दामूची सहा. दामू म्हणजे टेपाची घडी घातली तर होईल तेवढा माणूस. वर माझी वाणी पडली सहा. ते ऐकून दामूला असा ठसका लागला की तोंडातली सुई गिळता गिळता राहिली.

*

गडाचं दार ढकलायची वेळ आली. माझ्या कवड्या कमी पडल्या, दार हलेना. दामूनं एका दणक्यात उघडलं.

माझं डोकं सटकलं. मी उठलो आणि दामूला स्टुलासकट उचलून रस्त्यात नेऊन ठेवला. म्हटलं, "आता बोल हवालदार, किती?"

हवालदारानं बिडी झटकली. "आबा, हे गडाच्या बाहेर झालं. आत दोनच."

दुसऱ्या दिवशी कामावर मुकादम म्हणतो, "दोनवाले, तुम्ही जरा बारके दगड घ्या."

*

दामूला मात्र ते सहा खरं वाटायला लागलं. कामावर गेला आणि थेट माझा घण मागितला. मी म्हटलं, घे बाबा. त्यानं घण वर नेला. खाली एकटा घणच आला. दामू पाठीत उसण भरून तसाच वर हात करून उभा. आठवडाभर वाकून शिवत होता, गावातल्या सगळ्या सदऱ्यांची एक बाही आखूड.

मी हवालदाराला खडसावलं, "दांडा धरायची अक्कल न्हाई त्याला. तुझ्या सहाला काय चाटायचं?"

तो म्हणतो, "तेच तर सांगतोय. गुण अंगात असतो, कसब हातात यावं लागतं. गुण नुसता मदतीला असतो."

"मग माझ्या हातातलं कसब तुझ्या दोनमधी कुठं गेलं?"

हवालदार खिशात बिडी शोधायला लागला. अजून शोधतोय.

*

आता त्या वाणीचं. त्याआधी घरातलं सांगितलं पाहिजे. सुमनला एक स्थळ येऊन गेलं होतं. मुलगा काडी. मी सरळ म्हटलं, "ह्याला आधी चारा घाला, मग लग्न काढा." पोह्याच्या बशा तशाच टाकून पाव्हणे उठले. सुमननं बशा गोळा केल्या. तिची आई मात्र बोलली. "आणखी एक स्थळ असं उठलं, तर ह्या घराची पायरी कुणी चढायचं न्हाई." खरं बोलल्याची ही शिक्षा.

आणि अशा माणसाला हवालदारानं गडाच्या पहारेकऱ्याकडं बोलणी करायला धाडलं. म्हणे, वाणी सहा. मी म्हटलं, "ए शेंबड्या, दार उघडतो का देऊ एक?" कवड्या टाकल्या. पाच उताण्या. हवालदारानं दार उघडलं.

सगळे लोळायला लागले. "शिवी दिल्यावर कसं उघडलं?"

"सहा हाय वाणी," हवालदार म्हणाला. "गोड लागली त्याला."

*

मग राहुरीचं स्थळ आलं. मुलगा बरा होता, खांद्यात रुंद, पण तोंड उघडेल तर शपथ. बोलत होता त्याचा मामा. आमच्या बाजूनं घोंगडीवर मी, हवालदार आणि दामू. बायकोनं मला सकाळीच बजावलं होतं, तुम्ही फक्त मान हलवा.

मामा म्हणाला, "पोरगी खडीवर जाती म्हणं. हात राठ झालं असतील."

आत बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. माझ्या जिभेवर काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात दामूनं खिशातनं सहा कवड्या काढून माझ्यापुढं ठेवल्या.

"हे काय?" मामा.

हवालदार शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं बोलायच्या आधी टाकत्यात. कुणात काय किती हाय, ते कळतं."

मी टाकल्या. सगळ्या पालथ्या.

"हरकत न्हाई," हवालदार म्हणाला. "आबांची वाणी मूळचीच सहा हाय. बोला आबा."

मी म्हटलं, "मामा, हात राठ हायेत. माझ्या शेजारी बसून खडी फोडती ती. मऊ हाताची पायजे असंल तर दामूला घेऊन जावा."

मामानं माझ्याकडं बघितलं, मग हवालदाराकडं.

"ह्या माणसाची वाणी सहा?"

"सहा."

मामानं कवड्या उचलल्या, मुठीत खुळखुळवल्या. "मग माझी अक्कल किती पडंल?"

आतनं सुमनचा आवाज आला. "टाका की मामा. दोनच्या वर गेलात तर चहा."

मामानं टाकल्या. सगळ्यांनी वाकून बघितलं. दोन.

मुलगा पहिल्यांदा बोलला. "मामा, तुमचा चहा मी घेतो. राठ हातांचाच."