उशिरा येणारं हसू

पेटीवाल्याच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. "आज भाजीत मीठ जास्त पडलंय" एवढं साधं वाक्यसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं. भिंतींना कान असतात म्हणतात. या घराच्या भिंतींना तोंड होतं. नव्याने राहायला आलेले शेजारी पहिले आठ दिवस समजायचे की नवराबायकोचं जुंपलंय. मग त्यांना कळायचं की ही माणसं भांडत नाहीत, जेवतायत.

कारण साधं होतं. पेटीवाला सोळाव्या वर्षापासून पेट्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकत आला होता. ऐरणीवर पत्रा धरायचा, कड दुमडायची, हातोडीने बसवायची, कोपरा काढायचा, की पुढचा पत्रा. एका छपराखाली असे सहा जण, आणि छप्परही पत्र्याचंच. पहिल्या पाच-सहा वर्षांतच कान गेले, पण एकदम नाही गेले, पायरीपायरीने गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग चिमण्या, मग पाठीमागून आलेली हाक.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोला "अहो, ऐकलंत का?" या प्रश्नाचं उत्तर कायमचं मिळालं. ती शहाणी बाई, तिने रडत न बसता सोय काढली. हातात असेल त्याने, वाटी असो नाहीतर कात्री, जवळच्या लाकडावर दोनदा ठोकायचं. तो हादरा त्याला टेबलातून, फळीतून बरोबर कळायचा. तो वळला की समोर उभं राहून, तोंड नीट उघडून, मोठ्याने बोलायचं. त्यात तिचं शिवणयंत्र दिवसभर खडखडत असायचं, त्यामुळे आवाज चढा ठेवायला आणखी एक निमित्त होतं. बहिरा हा शब्द मात्र त्या घरात कधी कुणी उच्चारला नाही.

कारखान्यात तर कुणाला पत्ताच नव्हता, निदान पेटीवाल्याची तशी समजूत होती. तिथे एक म्हातारा कारागीर होता. मागून कुणीतरी "सरका" म्हणून ओरडलं, ते त्याला ऐकू आलं नाही आणि पत्र्यांची थप्पी त्याच्या पायावर आली. मालकाने त्याला गोड बोलून घरी बसवलं. पेटीवाल्याने त्याचा जो धसका घेतला तो घेतलाच. तेव्हापासून तो भिंतीला पाठ लावून बसायला लागला, म्हणजे मागे कुणी उरत नाही. समोरच्याचे ओठ वाचायचे. नाहीच कळलं तर "हो हो" म्हणायचं, कारण हो म्हणणाऱ्याला कुणी पुन्हा विचारत नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी विनोद केला, की शेजारच्याचं तोंड बघायचं आणि तो हसला की हसायचं. या शेवटच्या कामात तो हातोडीइतकाच तरबेज झाला होता.

या घरात मुलगी जन्मली. नाव शाळेच्या दाखल्यात होतं, घरात ती मुंगी. इवलीशी, सतत काहीतरी ओढत, उचलत असायची. तीन वर्षांची असताना ती चमच्याने टेबलावर दोनदा ठोकून बापाला बोलवायला शिकली. घरात तिची काहीच तक्रार नव्हती. सांगितलेलं ऐकायची, विचारलं की पटकन बोलायची, तीही त्याच चढ्या आवाजात.

तक्रार सुरू झाली दुसरीत. वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. "या कानाने ऐकते, त्या कानाने सोडून देते," बाई म्हणाल्या. "हाक मारली तर बघत नाही. बोलते तर ओरडून. पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलंय. पुढच्या वर्षी तुम्ही दुसरी शाळा बघितलीत तर बरं."

आई घरी आली ती पडल्या चेहऱ्याने. पुलापलीकडे एक कडक शिस्तीची शाळा होती. तिथे घालू या, असं तिने टेबलावर दोनदा ठोकून सांगितलं. पेटीवाला भडकला. "शाळा बदलून पोर बदलते का? त्या बाईंना शिकवता येत नाही, आणि घालवायची आपण पोरीला?"

त्या संध्याकाळी त्याच्या हातून एक गोष्ट झाली. मुंगी खिडकीशी दाराकडे पाठ करून चित्र काढत होती. शिवणयंत्र चालू होतं. त्याने दारातून हाक मारली, ठोकायचं विसरून. ती वळली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. दिवसभराचा राग डोक्यात होताच. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली रंगपेटी हिसकावली आणि कपाटावर ठेवून दिली. "हाक मारली तर वळता येत नाही तुला?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. हे तो म्हणाला!

मुंगी रडली नाही. तिने त्याच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो."

आठवड्याने त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाईंची चूक पकडायची आणि चार शब्द सुनवायचे, एवढाच बेत होता. आत जाण्याआधी तो व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिला. बाई बाकांमधून फिरत गोष्ट वाचत होत्या, पुस्तक तोंडासमोर धरून. मुंगी शेवटच्या बाकावर होती, भिंतीला पाठ लावून. शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी. बाईंनी वाचता वाचता काहीतरी गमतीचं वाचलं असावं, कारण सगळा वर्ग खदखदून हसला.

मुंगी हसली नाही. तिने दोन वेण्यावालीच्या तोंडाकडे बघितलं. मग हसली. जरा उशिरा, आणि जरा जास्तच.

पेटीवाल्याने खिडकीचा गज धरला. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. जगात दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं, आईलासुद्धा नाही. तसाच तो वीस वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत हसत आला होता. भिंतीला पाठ, शेजारच्यावर नजर, ते त्या संध्याकाळचं "हो", सगळं त्याचं होतं. पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. तिची तीच शिकली होती, सात वर्षांच्या वयात.

तो बाईंकडे गेलाच नाही. आला तसा परत गेला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ घेतला. दोन्ही कान निम्मेच चालतात, बहुतेक जन्मापासून, असं त्या म्हणाल्या. ऐकण्याचं यंत्र बसवता येईल, ते यायला महिना लागेल, त्याने बराच फरक पडेल. मग त्यांनी विचारलं, "सात वर्षं घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

  ज्या घरात सगळेच समोर येऊन, ठोकून, ओरडून बोलतात, त्या घरात निम्म्या कानांना काही कमी पडत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "मी यांना सांभाळून बोलत होते," आई म्हणाली, "आणि तिचं आपोआप भागत होतं."

"माझ्यामुळे झालं का?" पेटीवाल्याने विचारलं.

"नाही हो. हातोडीचा आवाज रक्तातून उतरत नाही." डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग कागद शोधायला खाली वाकत त्या काहीतरी बोलल्या.

"हो हो," तो म्हणाला.

त्यांनी विचारलं होतं की तुमचेही कान आजच तपासू का. डॉक्टर उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढायला लागल्या, तेव्हा त्याला ते कळलं. "माझे ठीक आहेत," म्हणून तो घाईने उठला.

डॉक्टरांनी कागदावर एका शाळेचा पत्ता लिहून दिला होता. ऐकण्याची अडचण असलेल्या मुलांची शाळा, वर्गात बाराच मुलं. तीन-चार वर्षं तिथे पाया पक्का होऊ दे, मग हवं तर पुन्हा नेहमीच्या शाळेत घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. बसने तासाभराची वाट.

आता गंमत बघा, दोघांच्या जागाच बदलल्या. शाळा बदलू या म्हणणारी आई आता अडून बसली. "यंत्र मिळतंय ना? मग आहे तिथेच राहू दे. बाईंना सांगू, पुढे बसवतील. त्या शाळेत घातली की जन्माचा शिक्का बसतो. उद्या लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला वीस वर्षं ऐकू आलेलं नाही," पेटीवाला म्हणाला. "माझं काही अडलं नाही."

शिवणयंत्र थांबलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात पहिल्यांदा कुणीतरी तोंडाने बोललं होतं. बायको हसली नाही, रडलीही नाही. तिने नुसती सुई वर घेतली आणि कापड बाजूला ठेवलं.

"पण मग कारखान्यात?" तिने विचारलं. "पोरगी त्या शाळेत गेली की चौकशा होतील. मालकाच्या कानावर जाईल. तुमचंही उघडं पडेल."

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. डॉक्टरांकडून निघाल्यापासून तो तेच उगाळत होता. त्याने उठून कपाटावरची रंगपेटी काढली आणि मुंगीसमोर ठेवली. मग टेबलावर दोनदा ठोकलं.

"तुला काय वाटतं गं?"

"मला नाही जायचं. तिथे दोन वेण्यावाली नसणार."

"तिचं काय एवढं?"

"ती सांगते मला. बाई काय म्हणाल्या ते वहीच्या मागे लिहून दाखवते."

"आणि ती आली नाही तर?"

मुंगीने लाल रंगाची कांडी उचलली, परत ठेवली. "मग मी पोट दुखतं म्हणून सांगते. गेलेच तर हसत नाही. कधी हसायचं ते कळत नाही ना."

 शेजारी बसणारा कामगार रजेवर असला की पेटीवाला स्वतः डबा ऐरणीपाशीच खायचा, काम फार आहे म्हणून सांगायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं. पोरीला तिथेच ठेवलं असतं तर ती निभावून नेणार होती, याची त्याला खात्री होती. त्याने नेलंच होतं. निभावणं म्हणजे काय हे ठाऊक होतं, म्हणूनच ते तिच्या वाट्याला यायला नको होतं.

"शाळा बदलायची," तो म्हणाला. मुंगी रुसली, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो दोन वेण्यावालीच्या घरी गेला आणि दर रविवारी तिने यायचं असं तिच्या आईकडून कबूल करून आला.

नव्या शाळेचा पहिला दिवस आला तेव्हा यंत्र अजून यायचं होतं. वर्गात बारा लहान बाक अर्धगोलात मांडले होते, म्हणजे कुणाचीच पाठ कुणाकडे होत नव्हती. मागे भिंतीशी आईबापांसाठी खुर्च्या होत्या. पेटीवाल्याने सवयीने कोपरा धरला. बसल्यावर बघतो तर पलीकडे टेम्पोवाला, कारखान्यातल्या पेट्या वाहून नेणारा. त्याचाही मुलगा याच वर्गात होता. टेम्पोवाल्याने मान हलवली, यानेही हलवली. हा माणूस चांगला होता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. इथलं संध्याकाळपर्यंत मालकाला कळणार, हे ठरलेलंच.

नव्या बाई आईबापांशी बोलत होत्या. समोर तोंड करून, सावकाश बोलायच्या, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. तेवढ्यात दारापाशी बसलेल्या कुणीतरी काहीतरी विचारलं. बाई तिकडे वळल्या, उत्तर दिलं, आणि सगळ्या खुर्च्या हसल्या.

पेटीवाल्याने टेम्पोवाल्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसला.

बाकावर दोनदा ठोकल्याचा हादरा जमिनीच्या लाकडी फळ्यांतून त्याच्या पायांना कळला. मुंगी मागे वळून त्याच्याकडे बघत होती. जुन्या वर्गात दोन वेण्यावालीकडे बघायची तशीच.

"बाबा," ती तिच्या चढ्या आवाजात म्हणाली, "काय म्हणाल्या बाई?"

त्याच्या तोंडात "हो हो" तयार होतं. वीस वर्षांची सवय अशी जात नसते. पण "काय म्हणाल्या" याला "हो" हे उत्तर होत नाही, आणि पोरगी वाट बघत होती. तिला खात्री होती की बापाला माहीत आहे, कारण तो हसला होता. आता खोटं सांगितलं, तर त्याच्या खोट्यावर ती हसणार होती.

तो उभा राहिला. शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"बाई, मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. परत सांगा."

टेम्पोवाल्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. खोली गप्प झाली की नाही, हे काही त्याला कळलं नाही. मुंगीने बापाच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं आणि आपलाही हात वर केला.

"मलापण नाही आलं."

बाई चालत आल्या आणि दोघांना तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या. "या गृहस्थांनी विचारलं, शाळा सुटल्याची घंटा किती वाजता होते," त्या सावकाश म्हणाल्या. "मी म्हटलं, घंटा आहे आमच्याकडे, पण ती वाजवतो त्यालासुद्धा ऐकू येत नाही. तेव्हा घड्याळ बघून या."

विनोद काही फार मोठा नव्हता. बाकीच्यांचं हसून कधीच झालं होतं. पेटीवाला आणि मुंगी तेवढे हसले, आणि हसताना दोघांनी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही.