पट्टीला मॅग्नेट चिकटलं

"मॅडम, पट्टीला मॅग्नेट चिकटतंय!" पाटील फोनवर ओरडत होते.

शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचा गिअर कडक करून द्यायचा कारखाना. मी मेटलर्जिस्ट, म्हणजे धातूंची तपासणी करणारी. त्यांच्या भट्ट्यांचं काम बरीच वर्षं बघत होते. त्या दिवशी मात्र मी चंदगडला एका लग्नात होते आणि शेजारी बँड वाजत होता.

"कुठली पट्टी?"

"भट्टीची वो. दोन-दोन वर्षं चालायची, ह्या खेपेला दोन महिन्यांत तुकडं पडलं. निकेलची म्हणून आणली. मॅग्नेट चिकटतंय म्हंजे लोखंडच की!"

"चिकटत असेल तर ती निकेल-क्रोम नव्हे," मी म्हणाले आणि जेवायला गेले.

ही पट्टी म्हणजे भट्टीची शेगडी. ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम. वीज सोडली की लालभडक तापते आणि वर्षानुवर्षं तशीच तापत राहते, कारण क्रोमियम तिच्यावर एक पातळ साय धरतं आणि आतला धातू वाचवतं. नुसत्या निकेलला मॅग्नेट चिकटतं. एवढं क्रोमियम मिसळलं की चिकटत नाही. म्हणून बाजारात पट्टी घेताना खिशातलं मॅग्नेट लावून बघतात. मी सांगितलं ते चुकीचं नव्हतं. फक्त कुठल्या पट्टीला लावलं, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. भट्टीवर तानाजी होता, जुना ऑपरेटर.

"हिरेमठ कुठं आहेत?" मी विचारलं. हिरेमठ म्हणजे परचेसवाले, गडहिंग्लजकडचे. पट्टी त्यांनीच मागवली होती.

"घालवलं की घरी. मालकांनी समद्यांसमोर विचारलं, खोटा माल घ्यायला काय खाल्लंस म्हणून. मॅडमनीच सांगितलंय बनावट हाय, म्हणालं."

मी तुटलेला तुकडा हातात घेतला. जरा दाबल्यावर तो खारीसारखा मोडला. मोडलेली कड उजेडात धरली तर ती हिरवी. शेवाळासारखी हिरवी.

"तानाजी, ह्याच रोलमधली कोरी पट्टी शिल्लक आहे का?"

"स्टोअरात हाय थोडी."

कोऱ्या पट्टीला मॅग्नेट लावलं. घसरून खाली पडलं. दोन्ही टोकांना, मध्ये, सगळीकडे लावून पाहिलं. चिकटलं नाही.

आमच्या भाषेत ह्या दुखण्याला ग्रीन रॉट म्हणतात. भट्टीत हवेऐवजी कार्बनचा गॅस शिरला तर पट्टीवर नीट साय धरत नाही. क्रोमियम आतल्या आतच जळतं आणि त्याची हिरवी पूड होते. मागे राहतं ते जवळजवळ नुसतं निकेल. त्याला मॅग्नेट चिकटणारच. माल अस्सल होता. तो भट्टीत आजारी पडला होता.

पाटलांच्या केबिनमध्ये गेले.

"पाटील, फोनवर मी चुकले. पट्टी चांगली आहे."

"मग चिकटलं कसं?"

मी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी स्वतः मॅग्नेट लावून बघितलं, तीनदा.

"आता गॅस कुठून शिरतो ते शोधायचं," मी म्हणाले.

गिअर ज्या पोलादी पिंपात तापवतात त्याला रिटॉर्ट म्हणतात. कार्बनचा गॅस त्या पिंपात असतो, पट्ट्या बाहेरून गोल. दोघांची गाठ पडता कामा नये. भट्टी थंड करून रिटॉर्ट वर काढलं, तोंड बंद करून आत थोडी हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवलं, पंक्चर काढतात तसं. बुडाजवळच्या वेल्डिंगवर बुडबुडे आले. वीतभर चीर.

"मी म्हटलं हुतं की," तानाजी म्हणाला. "बाजूनं निळी ज्योत दिसतीया म्हणून. हिरेमठसायबांनी नव्या रिटॉर्टच्या मागणीचा कागद बी दिलता."

पाटील खाली बघत म्हणाले, "दिलता. डिस्पॅचची घाई हुती, मीच म्हटलं पुढच्या महिन्यात बघू."

लॅबमध्ये तुकडा घासून मायक्रोस्कोपखाली बघितला, तेव्हा लेखी रिपोर्टही तोच आला. तो घेऊन पाटील स्वतः गडहिंग्लजला गेले. मीही गेले. हिरेमठ ओसरीवर बसले होते. रिपोर्ट त्यांनी वाचलाच नाही.

"साहेब, शॉपवर सगळ्यांसमोर बोललासा न्हवं? मग तिथंच सांगा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि मॅडम, तुम्ही मला एक फोन केला असता तर?"

"करायला हवा होता," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाटलांनी सगळ्यांना भट्टीजवळ बोलावलं आणि चूक आपली होती असं सांगितलं. आवाज नेहमीपेक्षा बराच बारीक होता. मागून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणालं. मग मोठ्यानं सांगितलं.

हिरेमठ कामावर आले. नवं रिटॉर्ट बसलं, त्याच रोलमधली उरलेली आणि त्याच दुकानातून आणलेली पट्टी लावली. ती अजून चालू आहे.

मला अजून लोक फोन करतात आणि पट्टीचं, पत्र्याचं, पाइपचं लक्षण सांगून मत विचारतात. तुकडा टेबलावर आल्याशिवाय मी आता बोलत नाही. बाईला लई भाव आलाय, असं एमआयडीसीत म्हणतात. म्हणू देत.