म्हादूतात्या आणि माडीवरचा दरबार

म्हादूतात्या गवंडी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांची पेरं वाजवत, मग ‘रामराम’ म्हणत. कडेगावात आमच्या आळीत चौदा घरं. त्यांतली नऊ त्यांनी बांधलेली. उरलेल्या पाचांतली कोणती भिंत कुठे पोकळ आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. घर विकत घ्यायचं तर लोक आधी तात्यांना घेऊन जात. “मानूस खोटं बोलंल, भिंत न्हाई,” ते म्हणत.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मला ते आठवतात ते मात्र अर्ध्या दिवसाच्या एका सहलीमुळे.

एका रविवारी सकाळी सात वाजता आळीतली आम्ही बावीस माणसं मिनीबसने निघालो. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थानाचा राजवाडा बघून एक वाजेपर्यंत परत, असा माझा बेत. सहल ठरली होती शेजारच्या हौसाक्कांच्या हट्टाने. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची आई त्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दळण दळायची. तिचा सगळा जन्म खालीच गेला. “आईनं माडीवरचा दरबार कवा बघितला न्हाई. मी तरी बघते, मग डोळं मिटू द्यात,” असं आक्का म्हणत.

राजवाड्यात पोचल्यावर माडीच्या जिन्याच्या तोंडाशी तात्यांनी भिंत वाजवली आणि थांबले. पुन्हा वाजवली, कान लावला.

“भिंत पोकळ हाय. माडीच्या तुळया हिच्यावर टेकल्यात. कुनी वर जायचं न्हाई.”

वाड्याचा राखणदार हसला. “आवं तात्या, रोज शंभर मान्सं चढत्यात.”

“रोज चढत्यात म्हनूनच सांगतोय.”

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की राखणदाराने मुकाट्याने जिन्याला दोरी बांधली. आक्कांचा एक पाय पहिल्या पायरीवर होता.

“बघू दे की रं म्हादू. पडलं तर पडलं.”

“न्हाई, आक्के.”

परतताना आक्का मिनीबसच्या खिडकीतून मागे वळून राजवाड्याकडेच बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी तात्या एकटेच एसटीने तिकडे गेले. पोकळ आवाज फक्त वीतभर रुंदीच्या उभ्या पट्ट्यात येत होता, हे त्यांच्या मनाला खात होतं. भिंत आतून ढासळली असती तर तो आवाज पसरून आला असता. राखणदाराला विनवून ते गच्चीवर गेले आणि पन्हळीत दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी भिंतीच्या पोटातून उतरून खाली जोत्याशी बाहेर पडलं. पावसाच्या पाण्यासाठी जुन्या कारागिरांनी भिंतीतच मातीचे नळ बसवले होते. भिंत ठणठणीत होती.

त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली. संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, “माजं चुकलं.” मी म्हणालो, “तात्या, सावधगिरीच ती. कुणाचं काही बिघडलं नाही.”

ते चिडलेच. “सावध ऱ्हानं येगळं आन चुकनं येगळं. मी ‘वाटतंय’ म्हनलो न्हवतो, ‘हाय’ म्हनलो हुतो.”

मी शाळेत गणित शिकवत आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस. अंदाज आणि मोजमाप यांतला फरक मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. आक्का येईनात. “तवा चढले असते. आता गुडघा वाकत न्हाई.”

“पाय तुजं नगंत. तू नुस्ती ये.”

राजवाड्यात जिन्यापाशी राखणदाराने खुर्ची आणली. आक्कांना बसवून त्याने वरची बाजू धरली. खालची, जड बाजू तात्यांनी घेतली. वय एकाहत्तर. मी पुढे झालो तर म्हणाले, “सर, तुमी पायऱ्या मोजा.”

चौथ्या पायरीवर आक्कांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “म्हादू, खरंच पोकळ असली तर रं?”

“तर मी खालीच हाय की, आक्के. माज्यावर पडशील, लागायचं न्हाई तुला.”

आक्का इतक्या हसल्या की खुर्ची डुगडुगली. एकवीस पायऱ्या होत्या.

वर गेल्यावर त्यांनी आरसे, झुंबरं एकदा पाहिली आणि खुर्ची खिडकीशी न्यायला सांगितली. खाली मुदपाकखान्याचं अंगण दिसत होतं.

“आईला ही माडी दिसली न्हाई,” त्या म्हणाल्या, “पर माडीवरनं आई दिसत आसंल.”

तात्या अजून धापा टाकत होते. खांद्यावरच्या टॉवेलाने त्यांनी काचेवरची धूळ पुसली आणि खुर्ची आणखी थोडी पुढे सरकवली.