माहेराचा रकाना

बोंडोच्या आरोग्यसंस्थेत बाळंतिणींच्या वह्या अठरा वर्षं लिहिल्या त्या प्रिस्काने. तळ्याकाठच्या बासष्ट गावांत कोण गरोदर आहे, कुणाच्या लेकराची कुठली लस राहिली, हे सारं तिच्या निळ्या शाईत होतं. आता वह्या जाऊन संगणकाची प्रणाली येणार होती. ती कुणाकडून घ्यायची हे ठरवायला संचालक ओगुतू साहेबांनी नेमलं कुणाला, तर लॅव्हेंडरला. दोन वर्षांपूर्वी आलेली पोरगी.

तेव्हापासून प्रिस्काच्या पोटात निखारा होता. विझत नव्हता, भडकतही नव्हता. लॅव्हेंडर बोलू लागली की साहेब हातातलं काम ठेवून ऐकत. प्रिस्का बोलू लागली की चहाचं विचारत. लॅव्हेंडरच्या बारीक वेण्या, तिचं मोकळं हसणं, सगळंच प्रिस्काच्या डोळ्यांत खुपे. वय झालं याचं तिला दुःख नव्हतं. आपल्यावाचून अडत नाही, हे सोसत नव्हतं.

कंपन्या येऊन गेल्या. शेवटी नैरोबीची एक आणि किसुमूच्या दोन भावांची एक, अशा दोन उरल्या. नैरोबीवाल्यांचा पडदा देखणा होता. ओळखपत्रावरचं नाव टाकलं की बाईची सगळी माहिती समोर.

"प्रिस्का मॅडम, काही राहिलंय का यात?" लॅव्हेंडरने विचारलं.

राहिलं होतं. प्रिस्काला ते पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं. इकडे लग्न होऊन आलेल्या बाईला सासरी तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ज्या मुलुखातून आली त्या मुलुखाची न्यार, म्हणजे लेक; न्यार गेम, न्यार उगेन्या, हीच तिची ओळख. प्रिस्का स्वतः गावोगाव न्यार साक्वा होती. ओळखपत्रावरचं नाव कधीकधी दिराजावांनाही ठाऊक नसतं. प्रिस्काच्या वह्या माहेराच्या नावानेच लावलेल्या होत्या. या प्रणालीत तो रकानाच नव्हता.

"छान आहे," प्रिस्का म्हणाली, आणि तिने निवडीच्या कागदावर नैरोबीवाल्यांना दहापैकी दहा गुण दिले. पडू दे एकदा तोंडावर, साहेबांसमोर.

लॅव्हेंडरने नैरोबीवाल्यांनाच निवडलं. पंधरा दिवसांनी यिंबोतल्या एका गावात त्यांच्या प्रणालीची चाचणी झाली. साहेब स्वतः आले. अंगणात ओमेना मासळी वाळत होती. गावची आरोग्यसेविका दोर्का टॅब्लेट मांडीवर घेऊन बसली.

"कुणाला शोधायचंय?" लॅव्हेंडरने विचारलं.

"ओवुओर म्हाताऱ्याच्या घरची न्यार गेम. दिवस भरत आलेत तिचे."

"नाव काय तिचं?"

"न्यार गेम."

"ओळखपत्रावरचं सांग, दोर्का."

"तिचं ओळखपत्र मी कशाला बघू? पोलीस आहे का मी?"

बायका हसल्या. अकिन्यी असेल बहुतेक, एकीने सुचवलं. पडद्यावर एकतीस अकिन्यी ओळीने उभ्या राहिल्या. सकाळी जन्मलेली प्रत्येक पोर अकिन्यीच. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. प्रिस्काला कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

"न्यार साक्वाला विचारा की," दोर्का म्हणाली. "तिच्या वहीत आम्ही सगळ्या माहेरावरूनच आहोत."

लॅव्हेंडर प्रिस्काजवळ आली. हळूच बोलली. "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मी विचारलं होतं, मॅडम."

"विचारलंस. तू पडावीस असं वाटत होतं मला."

लॅव्हेंडरने मासळीवरच्या माश्या हाताने हाकलल्या. मग साहेबांकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, निवड माझी चुकली. गावात न येता ठरवली मी."

तिने तिथूनच फोन लावले. नैरोबीवाले म्हणाले, नवा रकाना पुढच्या वर्षी बघू. किसुमूच्या थोरल्या भावाने विचारलं, "रकान्यात नेमकं काय लिहायचं?" लॅव्हेंडरने फोन प्रिस्काच्या हातात दिला. "मला नीट सांगता यायचं नाही. तुम्ही सांगा."

प्रिस्काने सांगितलं, सावकाश, एकेक घर, एकेक माहेर. साहेब उभे राहून ऐकत होते.

प्रिस्का जे कबूल करून बसली होती ते लॅव्हेंडरने साहेबांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सांगितलं असतं तर प्रिस्काला तिचा निवांत राग करता आला असता. आजवर तिला त्या पोरीच्या मानाचा हेवा वाटे. आता तिच्या मनाचा वाटू लागला, आणि हा जास्त जाळत होता.

परतीच्या जीपमध्ये लॅव्हेंडरने भाजक्या शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. "घ्या ना मॅडम."

प्रिस्काने मूठभर घेतले, आणि खिडकीकडे तोंड करून खाल्ले.